खाल्ल्या मिठाला जागलेला गारदी

जानेवारी महिना आला की पानिपताचा विषय निघतोच. मानोऱ्याच्या शाळेत मी बरीच वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी पानिपताचा धडा आला की वर्ग गप्प व्हायचा. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी, दत्ताजी ही नावे मुलांना पाठ असत. एकदा मी इब्राहिमखान गारद्याचे नाव घेतले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गारदी म्हणजे नारायणरावाला मारणारे ना? मग हा आपल्या बाजूने कसा?" तास संपत आला होता. "हा वेगळा गारदी" एवढेच सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते, हे मला अजून टोचते. आज ते पुरे करायचा प्रयत्न करतो.

आधी गारदी म्हणजे कोण ते पाहू. ही काही जात नव्हे आणि धर्मही नव्हे. फ्रेंचांच्या पद्धतीने कवायत शिकलेले, बंदुका घेऊन रांगेने लढणारे पगारी पायदळ म्हणजे गारदी. त्यांत मुसलमान होते, तेलंगे होते, उत्तरेकडचे हिंदूही होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणाऱ्यांत सुमेरसिंग आणि खरगसिंग ही नावे आहेतच. पण त्या एका दिवसाने 'गारदी' हा शब्दच काळा झाला आणि त्याच्या बारा वर्षे आधी मेलेल्या इब्राहिमखानालाही तो डाग लागला.

इब्राहिमखान तयार झाला तो दक्षिणेत, बुसी या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली. पुढे तो निजामअलीकडे गेला. निजामअलीकडे काही काळ वऱ्हाडची सुभेदारी होती, म्हणजे आपल्या या भागाचा कारभारही तेव्हा त्याच्या धन्याकडे होता. तिथून तो पेशव्यांच्या चाकरीत आला. तीन धनी बदललेला माणूस! अशा माणसावर कोण विश्वास ठेवील? शिवाय १७५९ साली पुण्यात मुजफ्फरखान गारद्याने भाऊसाहेबांवर हल्ला केला होता. भाऊ थोडक्यात वाचले आणि मुजफ्फरखानाला देहदंड झाला. हा मुजफ्फरखान इब्राहिमखानाच्या नात्यातलाच होता असे सांगतात. तरीही भाऊंनी इब्राहिमखानाला जवळ ठेवले, हे विशेष.

तो विश्वास लगेच फळाला आला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला, त्यात इब्राहिमखानाच्या तोफांचा मोठा वाटा होता. समोर त्याचाच जुना धनी होता. दौलताबादसारखा किल्ला आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला. तिथून भाऊ परतूरला आले आणि मार्च महिन्यात उत्तरेकडे निघाले. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा किल्ला पडला तोही याच तोफांच्या माऱ्याने.

पण तोफा आल्या आणि जुन्या सरदारांचे बिनसले. मल्हारराव होळकरांसारख्यांचे सगळे आयुष्य गनिमी काव्यात गेलेले. घोड्यावर बसावे, शत्रूला झोडपावे, निसटावे. जड तोफा मागे ठेवा असा त्यांचा सल्ला होता, भाऊंनी तो ऐकला नाही. आणखी एक कारण होते. सरदारांना सरंजाम असे, गारद्याला मात्र दरमहा रोख पगार लागे. तो वेळेवर मिळावा म्हणून इब्राहिमखान हट्ट धरी, आणि त्यामुळे तो पुष्कळांच्या डोळ्यांत खुपे.

आता १४ जानेवारी १७६१ चा दिवस. अडीच महिने कोंडलेली छावणी, धान्य संपलेले, जनावरे मरून पडलेली. काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी माणूस, पण नोकरीला शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे शत्रूच्या गोटात. त्याने फारसीत लढाईची हकीकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो की त्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे आला. त्याच्या बोलण्याचा आशय असा: पगारासाठी मी अडून बसत असे म्हणून आपण माझ्यावर रागावत होता. या महिन्यात तर आम्हाला काहीच मिळाले नाही. असो, आज मात्र मी माझे काम चोख करून दाखवतो. मग त्याने स्वतः निशाण हाती धरले आणि तो डाव्या बगलेवरून पुढे गेला.

काशीराजाच्या मते त्याच्याजवळ नऊ हजार गारदी आणि चाळीस तोफा होत्या. समोर रोहिले होते. त्यांचे हजारो लोक मेले किंवा जखमी झाले. गोलाची लढाई सगळ्यांनी जागा धरून लढायची असते. विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार गारद्यांच्या पुढे धावले आणि तिथे फळी मोडली, असे म्हणतात. मात्र दामाजी गायकवाडही शौर्याने लढून जखमी झाले, हेही लिहिले पाहिजे. इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ साफ झाल्या. त्याला स्वतःला भाल्यांच्या जखमा झाल्या, गोळीही लागली.

जखमी अवस्थेत तो शुजाच्या माणसांच्या हाती सापडला. शुजाने त्याच्यावर उपचार सुरू केले. अब्दालीला हे कळताच त्याने खानाला मागून घेतले. त्याच्या जखमांवर विष लावले आणि सातव्या दिवशी तो गेला, असे काशीराज लिहितो.

काशीराजाने छावणीतले ते बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकले नसणार, त्यामुळे शब्द इकडचे तिकडे झाले असतील. पण सहा पलटणी कापल्या गेल्या, हे खोटे नव्हे. अब्दालीची बाजू धर्माच्या नावाने हाका मारत होती. पगार थकलेला होता. पलीकडे जायला खानाला दोन कारणे होती. तो गेला नाही.

खाल्ल्या मिठाला जागणे असे आपण म्हणतो. इब्राहिमखानाच्या ताटातले मीठसुद्धा त्या महिन्यात बंद झाले होते. तरी तो जागला.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता चाळिशीपुढे गेला असेल. कुठे भेटला तर त्याला सांगेन की बाबा, नारायणरावाला मारणारेही गारदी होते आणि पानिपतावर आपल्यासाठी मेलेले ते हजारोही गारदीच. पहिल्यांची गोष्ट आपण घरोघरी सांगितली. दुसऱ्यांची सांगायची राहून गेली. त्यात माझीही चूक आहे.