शिडाच्या नौकेतील वीज : प्लान्ते ते पाढी

भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेली ही नौका २९ मे २०२५ रोजी तेथेच परतली. अशा सफरीत नौका वाऱ्यावर चालते. दिशादर्शन, संदेशवहन आणि रात्रीचे दिवे मात्र बॅटरीवर अवलंबून असतात. भर समुद्रात बॅटरी निकामी झाली, तर नौका मुकी आणि आंधळी होते.

या बॅटरीचा इतिहास १८५९ पासूनचा. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी शिशाचे पत्रे सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारा पहिला विद्युतघट घडवला. घट वीज देतो तेव्हा पत्र्यांवर लेड सल्फेट साचते. चार्ज करताना ते नाहीसे होते. चार्जिंग वारंवार अपुरे राहिल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि घटाची क्षमता कायमची घटते.

नौकांवर नेमके हेच होत आले. शिशाची बॅटरी साधारण ८० टक्के भरेपर्यंत वीज झपाट्याने घेते. उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढा वेळ इंजिन चालवण्याइतके डिझेल लांबच्या सफरीत नसते. म्हणून जाड पत्र्यांची बॅटरी निवडणे, ती निम्म्याहून अधिक रिकामी न करणे आणि शेवटचा टप्पा सौर पॅनेलच्या संथ विजेवर पूर्ण करणे, ही शिस्त रूढ झाली.

१९९७ मध्ये अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात केलेल्या संशोधनातून लिथियम आयर्न फॉस्फेट हे बॅटरीच्या धनाग्रासाठी उपयुक्त द्रव्य असल्याचे दाखवले. या बॅटरीला अर्धवट चार्जिंग बाधत नाही आणि जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत ती वेगाने वीज घेते.

मात्र तिचे पथ्य निराळे आहे. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून ती बिघडते. तिला वीज पुरवताना इंजिनावरील अल्टरनेटर अतितप्त होऊ शकतो. संरक्षक यंत्रणेने बॅटरी अचानक तोडली, तर त्याचे डायोडही जळू शकतात.

म्हणूनच जुना चार्जर तसाच ठेवून केवळ बॅटरी बदलणे धोक्याचे ठरते. बॅटरीचे आयुष्य तिच्या रसायनाइतकेच त्या रसायनाला साजेशा चार्जिंगवर ठरते. आणि समुद्रात त्या आयुष्याशी माणसांचे आयुष्य बांधलेले असते.