शरभाला पंख कसे फुटले

सिंहाचं अंग, आठ पाय, वर पक्ष्याचे पंख. असला प्राणी कुठल्याच रानात नव्हता. तरी शरभाचा एकेक अवयव कुठून आला, याचा माग काढता येतो.

मुळात शरभ अगदी साधा. बौद्ध जातककथेत तो रानातला दणकट मृग आहे. शिकारीला आलेला राजा खड्ड्यात पडतो, तर हाच त्याला वर काढतो. महाभारतात मात्र त्याचा नूर पालटतो. शांतिपर्वातल्या एका कुत्र्याला बिबट्याचं भय वाटतं, म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतात. मग वाघ, हत्ती, सिंह अशी बढती होत जाते. सिंहाच्याही वरचा कोण? आठ पायांचा, सिंहालाच फाडणारा शरभ! तेही रूप मिळाल्यावर तो ऋषींवरच उठतो आणि पुन्हा कुत्रा होतो.

पंख दिले ते शैव पुराणांनी. हिरण्यकशिपूला मारूनही नरसिंहाचा कोप शमेना, तेव्हा शिवाने अर्धा पशू, अर्धा पक्षी असं शरभरूप घेतलं. सिंहावर मात करायची तर झेप वरूनच हवी. तमिळनाडूत दारासुरमच्या 12 व्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिरात या रूपाची मूर्ती आहे. वैष्णव थोडेच ऐकून घेणार! नरसिंहाने दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं रूप घेऊन शरभालाच नमवलं, अशी कथा त्यांनी पुढे केली. हाच गंडभेरुंड म्हैसूरच्या वडियारांच्या राजचिन्हावर गेला आणि आज कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हात आहे. शरभाच्या विजोड अवयवांमागे शेरास सव्वाशेर उभा करण्याची ईर्ष्याच होती.

पंजाखाली हत्ती धरून शरभ गडांच्या दरवाजांवर पोचेपर्यंत पंथांचं भांडण मागे पडलं, दरारा तेवढा उरला. हत्ती म्हणजे राजवैभव आणि फौजेचं बळ, तेव्हा पंजाखालचा हत्ती म्हणजे चीत केलेला शत्रू, असा या शिल्पांचा अर्थ लावतात. सिद्दींच्या जंजिऱ्याच्या दरवाजावर अशाच एका श्वापदाने चारी पंजांत हत्ती धरलेत, शिवाय एकाला शेपटीचा वेढा घातलाय. कुणी त्याला वाघ म्हणतं, कुणी शरभ. तो शरभ असेल, तर शिवाचा अवतार जंजिऱ्याच्या मुसलमान किल्लेदारालाही चालला म्हणायचा, कारण गडाच्या दाराला देवापेक्षा दहशत हवी होती.