दूरदेशीचे पालक

१९३७ सालच्या ऑगस्ट महिन्यात उत्तर स्पेनमधील सांतान्देर हे बंदर जनरल फ्रँको यांच्या फौजांच्या हाती पडण्याच्या बेतात होते. यादवी युद्धाला वर्ष उलटून गेले होते. एप्रिलमध्ये गेर्निका बेचिराख झाले, जूनमध्ये बिल्बाओ पडले आणि बास्क प्रांतातून हुसकलेली कुटुंबे पश्चिमेकडे सरकत सरकत या बंदरात येऊन अडकली. पुढे समुद्र आणि मागे शत्रू, अशी त्यांची गत झाली होती. २६ ऑगस्टला हेही शहर पडले. या धामधुमीत जॉन लँग्डन-डेव्हिस नावाच्या इंग्रज वृत्तपत्रकारास होसे नावाचा एक लहानगा आढळला, असे सांगतात. त्याच्यापाशी बापाने लिहिलेली एक चिठ्ठी होती. सांतान्देर पडले की आपणास गोळी घालतील, तेव्हा ज्या कोणास हा मुलगा सापडेल त्याने त्याचा सांभाळ करावा, एवढाच तिचा आशय होता.

पुढे संस्थेने ही कथा इतक्या वेळा सांगितली की वारंवार हाताळलेल्या नाण्याप्रमाणे तिला एक गुळगुळीतपणा आला आहे. परंतु अशा मुलांना त्या काळी स्पेनमध्ये तोटा नव्हता, हे निर्विवाद. बार्सेलोना आणि व्हॅलेन्सिया या शहरांच्या रस्त्यांवर निर्वासितांची पोरे हिंडत होती. कोणाचा बाप रणांगणावर, कोणाचा तुरुंगात. कोणाची आई वाटेतच चुकलेली. भाकरीच्या रांगेत उभे राहणे आणि विमानांची घरघर ऐकू आली की तळघर गाठणे, एवढ्याच दोन विद्या त्यांना अवगत होत्या.

लँग्डन-डेव्हिस यांचा जन्म १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडमध्ये झाला. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी काही काळ तुरुंगवास सोसला होता. कॅटलोनियावर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि स्पेनमधील युद्धावर १९३६ सालीच त्यांचे पुस्तक निघाले होते. एरिक मगरिज या मदतकार्यकर्त्याच्या साहाय्याने त्यांनी १९३७ साली स्पेनच्या मुलांसाठी ‘फॉस्टर पेरेंट्स प्लॅन’ म्हणजे पालक योजना उभारली. फौज, राजकीय पक्ष किंवा सरकार यांचे पाठबळ नसलेली ही एक छोटीशी संस्था होती. तिची कल्पना साधी होती. इंग्लंड-अमेरिकेतील एका माणसाने एका मुलाचा महिन्याचा खर्च उचलावा. संस्थेने त्यास त्या मुलाचे नाव, छायाचित्र आणि हकीकत कळवावी. मुलाने पत्र लिहावे, पालकाने उत्तर धाडावे. मूल मात्र आपल्या देशात, आपल्या भाषेच्या माणसांतच वाढावे.

या शेवटच्या कलमाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच वर्षीची आणखी एक घटना ध्यानात घ्यावी लागते. मे महिन्यात ‘हबाना’ या जहाजातून जवळजवळ ४,००० बास्क मुले इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन बंदरात उतरविण्यात आली. ब्रिटिश सरकारने त्यांना पाऊल ठेवू दिले खरे, पण सरकारी तिजोरीतून एक छदाम मिळणार नाही आणि दर मुलामागे आठवड्यास १० शिलिंगांची हमी खासगी समितीने द्यावी, अशी अट घातली. समितीने हमी दिली आणि कामगार संघटना, प्रार्थनामंदिरे व सामान्य बिऱ्हाडे यांनी आठवड्याला दहा दहा शिलिंग मोजून मुले वाटून घेतली. मुले वाचली, मात्र भाषा, आई आणि घर यांपासून एका फटक्यात तुटली. लँग्डन-डेव्हिस यांच्या योजनेत पैसा प्रवास करणार होता, मूल नव्हे.

‘दत्तक’ हा शब्द मराठी वाचकास, विशेषतः बडोद्याच्या वाचकास, परका नाही. १८७५ साली कवळाण्याचा गोपाळराव महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला. तेथे घर, नाव आणि नशीब ही तिन्ही एका विधीने पालटली. परदेशी पालक योजनेत यांपैकी काहीच घडत नाही. येथे मूल जेथल्या तेथेच राहते आणि नात्याचा सारा भार टपाल हाकाऱ्याच्या पिशवीवर पडतो. या प्रकारचे नातेही मराठी मुलुखास अगदीच अनोळखी नव्हते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने दिल्यावर १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे वचन दिले आणि त्या वचनावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या; याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. त्यांच्या पाटी-पुस्तकासाठी डॉलर धाडणाऱ्या बोस्टनच्या बायांना हिंगणे कोठे आहे हे कधीकाळी कळले असेल काय?

असो. स्पेनमधील काम दोन वर्षेही धड चालले नाही. २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सेलोना पडले आणि भर हिवाळ्यात सुमारे पाच लाख माणसे पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरली. संस्थेने आपली मुलेही सीमेपार नेली आणि बियारिट्झ येथे त्यांच्या वसाहती उभारल्या. तोवर अमेरिकेत एड्ना ब्लू या बाईंनी योजनेची शाखा चांगलीच वाढविली होती, आणि पैशाचा मुख्य ओघ यापुढे न्यूयॉर्कहून वाहू लागला. मग दुसरे महायुद्ध पेटले. संस्थेच्या नावातून स्पेन गेले आणि तेथे ‘युद्धपीडित मुले’ हे शब्द आले.

या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण येथून सुरू होते, आणि ते लंडनमधील आहे.

१९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडू लागले. घरे गेलेली कुटुंबे भुयारी आगगाडीच्या स्थानकांत निजत. बाप फौजेत, आई कारखान्यात आणि तान्हे मूल फलाटावर, हे दृश्य नित्याचे झाले. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड १९३८ साली व्हिएन्नाहून परागंदा होऊन लंडनला आलेली होती. तिने आणि तिची अमेरिकन मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम हिने हॅम्पस्टेड या भागात अशा मुलांसाठी घर उघडले. मग तान्ह्यांसाठी दुसरे घर आणि एसेक्सच्या खेड्यात थोराड मुलांसाठी तिसरे, असा पसारा वाढला. या घरांचा खर्च न्यूयॉर्कच्या पालक योजनेने उचलला.

पैसा देणारास हिशेब हवा असतो. न्यूयॉर्कच्या कचेरीने दरमहा अहवाल मागितला, कारण वर्गणीदारांना आपले मूल काय खाते, काय बोलते हे कळवावयाचे होते. दुसऱ्या कोणी असते तर दुधाचे शेर आणि वजनाचे पौंड लिहून मोकळे झाले असते. ॲना फ्रॉइड यांनी घरातील प्रत्येक कामकऱ्यास, मग ती दाई असो की स्वयंपाकीण, पाहिलेले टिपून ठेवण्याची शिस्त लावली आणि त्या टिपणांवरून महिन्यामागून महिने अहवाल लिहिले. बालमानसशास्त्रातील एक पायाभूत ग्रंथ या हिशेबाच्या चोपडीतून जन्मास आला. ‘कुटुंबाविना बालके’ अशा अर्थाच्या नावाने १९४४ साली तो प्रसिद्ध झाला.

त्या अहवालांत निघालेला पहिला निष्कर्ष त्या काळच्या समजुतीस धक्का देणारा होता. बाँबने मूल भेदरते, म्हणून त्यास आईपासून दूर सुरक्षित खेड्यात धाडावे, हे सरकारी धोरण होते. १९३९ च्या सप्टेंबरात आरंभीच्या तीन दिवसांतच सुमारे १५ लाख माणसे, बहुतेक मुले आणि माता, याप्रमाणे हलविण्यात आली होती. हॅम्पस्टेडच्या घरांत उलटेच दिसले. आई धीराने शेजारी असेल तर लहान मूल स्फोटाच्या आवाजातही निजते. आईपासून तुटलेले मूल मात्र शांत खेड्यातही खंगते.

तीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत त्यात आली आहे. रडू नकोस, शहाण्यासारखा राहा, नाहीतर मी भेटायला येणार नाही, असे त्याला बजावून आई निघून गेली. मुलाने शब्द पाळला. तो मान डोलावून भेटेल त्याला सांगे, आई येणार, मला कोट घालणार, घरी नेणार. दिवस गेले तशी यादी वाढली. कोट आला, विजार आली, साखळी ओढणे आले, टोपी आली. हे सारखे बोलणे थांबव असे कोणीतरी त्यास सांगितले. तेव्हापासून तो एका कोपऱ्यात उभा राही आणि शब्द न उच्चारता केवळ हातांनी, अदृश्य कोट घातल्याचे आणि टोपी चढविल्याचे हावभाव करी. त्याचे ओठ हलत, आवाज येत नसे.

संस्थांतून मुले वाढविणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद वाचावी अशी आहे. ॲना फ्रॉइड यांनी तिच्यावरून व्यवस्थाच बदलली. मातांना दिवसा-रात्री केव्हाही येण्याची मोकळीक दिली. काहींना तेथेच काम दिले. मुलांची चार-पाचांची लहान ‘कुटुंबे’ पाडून प्रत्येकास एक ठरलेली दाई नेमली. परिणाम मासलेवाईक झाला. आठवडाभरात घरातील शांतता पार नाहीशी झाली. जी मुले पूर्वी कोणाच्याही कडेवर जात ती आता आपल्याच दाईला चिकटून बसू लागली, मत्सराने भांडू लागली, ती खोलीबाहेर गेली की आकांत मांडू लागली. व्यवस्थापकांच्या दृष्टीने हा केवळ उपद्रव. परंतु याच मुलांचे मागे पडलेले बोलणे आणि स्वच्छतेच्या सवयी थोड्याच काळात झपाट्याने सुधारल्या. जीव लावावयास हक्काचे माणूस मिळाल्यावर मूल त्रासही देते आणि वाढतेही.

टिपणे लिहिणाऱ्या कामकऱ्यांत बंब पेटविणारा आणि डागडुजी करणारा जेम्स रॉबर्टसन नावाचा एक तरुण होता. युद्धानंतर तो समाजकार्यकर्ता झाला. १९५२ साली त्याने, आठ दिवस रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट डॉक्टरांसमोर दाखविला. डॉक्टरमंडळी संतापली; आमच्या रुग्णालयात मुले आनंदात असतात, असे त्यांचे म्हणणे. पण चित्रातील मुलीचा चेहरा काही बदलता येईना. १९५९ साली सरकारी प्लॅट समितीने आईबापांना मुलाच्या भेटीची पूर्ण मोकळीक असावी अशी शिफारस केली.

युद्ध संपल्यावर याच योजनेच्या पैशाने आणखी एक लहान घर चालले. तेरेझिनच्या नात्सी छावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा मुले १९४५ च्या ऑक्टोबरात ससेक्समधील ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात आणली गेली. तान्हेपणीच आईबाप गमावलेल्या या मुलांनी खेळणी मोडली, मोठ्यांना चावे घेतले, शिव्या दिल्या. परंतु सहांपैकी एकही दुसऱ्यास सोडून क्षणभर राहीना. एकास खाऊ दिला तर तो आधी बाकीच्या पाचांचा वाटा मागे. सोफी आणि गेरट्रूड डान या भगिनींनी वर्षभर त्यांना सांभाळले, आणि १९५१ साली त्यांची हकीकत प्रसिद्ध झाली.

पुढचा इतिहास विस्ताराचा आहे आणि तो थोडक्यात सांगितला तरी चालेल. इटलीच्या शहरांत दोस्त सैनिकांचे बूट पुसून पोट भरणारी जी पोरे होती, ज्यांच्यावर १९४६ साली व्हित्तोरिओ दे सिकाने चित्रपट काढला, त्यांच्या देशात संस्था पोहोचली. नंतर ग्रीस, कोरिया, व्हिएतनाम, कोलंबिया आणि १९७९ साली भारत. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन पालक दरमहा १५ डॉलर देई. हीच तऱ्हा इतर अनेक संस्थांनी उचलली आणि पालक-वर्गणी हा एक प्रचंड व्यवहार झाला.

व्यवहार वाढला तशी टीकाही वाढली. एका गल्लीतील एकाच मुलास भेटवस्तू आणि शेजारच्यास काही नाही, हा विषमपणा कोणास खटकला. मुलाकडून सक्तीने लिहून घेतलेली कृतज्ञतेची पत्रे कोणास बोचली. १९८२ साली इंग्लंडच्या ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ मासिकाने या पद्धतीविरुद्ध संपूर्ण अंक काढला. १९९८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या वार्ताहरांनी आपली वर्गणी पोहोचते कोठे याचा मागोवा घेतला, तेव्हा मरून गेलेल्या मुलीच्या नावानेही वर्गणी चालूच असल्याचे उघडकीस आले. यानंतर बहुतेक संस्थांनी पैसा एकट्या मुलाच्या हाती न देता गावच्या शाळेस, विहिरीस, दवाखान्यास लावण्याचा मार्ग अधिकच निष्ठेने धरला. दुसऱ्या बाजूस २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतासह सहा देशांतील एका संस्थेच्या १०,००० हून अधिक व्यक्तींची पाहणी करून, वर्गणी मिळालेली मुले इतरांपेक्षा एक ते दीड वर्ष अधिक शिकली असे आढळले.

लँग्डन-डेव्हिस १९७१ साली वारले. उतारवयात त्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘जॅकडॉ’ नावाची पाकिटे काढली होती. जुनी पत्रे, हुकूमनामे आणि नकाशे यांच्या हुबेहूब नकला एका पाकिटात भरलेल्या असत. मुलाने त्या उलगडाव्यात आणि काय घडले ते स्वतःच वाचून ठरवावे, अशी त्यांची योजना होती.