दोन चिठ्ठ्या, एक पेटी

जानेवारी १९५२ मध्ये माझ्या वडिलांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं आणि त्यातलं अर्धं फुकट गेलं. ही हकीकत ते शेवटपर्यंत सांगत. सांगताना हसत, पण पगार चुकून कापला गेला की माणूस जसा हसतो, तसं.

अब्बा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव सोडून गिरणीत लागले होते आणि गिरणगावातल्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहत होते. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मिळालेली चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, एवढंच. लोकसभेचा मुंबई उत्तर मतदारसंघ मात्र दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणून तिथे प्रत्येक मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या आल्या. अब्बांनी दोन्ही हत्तीच्या पेटीत टाकल्या. हत्ती म्हणजे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आणि उमेदवार डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

नियम असा होता की दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या पेट्यांत पडल्या पाहिजेत. एकाच पेटीत पडल्या तर एक धरायची, दुसरी बाद. त्या मतदारसंघात सत्तर हजारांवर चिठ्ठ्या बाद झाल्या. बाबासाहेब सुमारे चौदा हजार मतांनी पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. अब्बांनी जे प्रेमापोटी आणि अजाणता केलं, ते पुष्कळांनी ठरवून केलं असाही आक्षेप होता. सर्वसाधारण उमेदवाराच्याच पेटीत दोन्ही चिठ्ठ्या टाकल्या, की आपलं दुसरं मत राखीव जागेच्या उमेदवाराला जात नाही. बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर पडलेले समाजवादी अशोक मेहता यांनी याबद्दल निवडणूक याचिका केली होती. ती फेटाळली गेली.

कॉलेजात इतिहास शिकत असताना मला कळलं, की अब्बांनी केलं ते पंधरा वर्षं आधी संपूर्ण कायदेशीर होतं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात जिथे एकाहून अधिक जागा होत्या, तिथे जितक्या जागा तितकी मतं मतदाराला मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला दिली तरी चालत. या पद्धतीला संचित मतदान म्हणतात. आपल्याकडच्या प्रभाग निवडणुकीवरून हे चटकन समजेल. मुंबई सोडून इतर महापालिकांत २०१७ साली चार जणांचे प्रभाग होते. मतदार चार मतं देतो, पण प्रत्येक जागेला एकच. मग प्रभागात ज्यांची मतं जास्त ते चारही जागा घेऊन जातात, आणि ज्यांची मतं चौथ्या हिश्शाइतकी आहेत त्यांच्या हाती काही लागत नाही. संचित मतदानात त्या चौथ्या हिश्शातल्या लोकांनी चारही मतं एकाच माणसावर ठेवली, तर त्यांचा एक माणूस बहुधा आत जातो. दुसऱ्याचं काही हिरावून न घेता. १९३७ साली बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला मुंबई इलाख्यात जे यश मिळालं, त्यात या पद्धतीचा हात होता.

पण गंमत बघा. १९३७ साली माझ्या आजोबांना मत होतं, कारण ते शेतसारा भरत. बाबासाहेबांना मत द्यायचं त्यांनी मनात आणलं असतं तरी ते देता आलं नसतं. आजोबांचं नाव मुसलमानांच्या वेगळ्या यादीत होतं. त्या यादीतल्यांनी फक्त मुसलमान उमेदवाराला मत द्यायचं. म्हणजे आजोबांच्या काळात दोन्ही मतं एकाला देता येत, पण माणूस कुठल्या धर्माचा हे सरकार ठरवणार. अब्बांच्या काळात माणूस कुठलाही चालेल, पण दोन्ही मतं एकाला नाही. एक दार उघडलं आणि दुसरं लागलं.

ही वेगळी यादी आली १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांतून. १९१६ साली लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी ती मान्य केली. त्या करारामागे जीनांबरोबर लोकमान्य टिळकही उभे होते, हे आपण सोयीने विसरतो. सिंध धरून असलेल्या मुंबई इलाख्यात निवडून द्यायच्या जागांपैकी एक तृतीयांश मुसलमानांना द्यायच्या असं त्यात ठरलं. लोकसंख्येतल्या हिश्शापेक्षा ते बरंच जास्त होतं. १९१८ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने स्वतंत्र मतदारसंघ स्वराज्याच्या मुळावर येतात असं लिहिलं आणि तरी ते चालू ठेवले. त्यांचा खरा दोष मला आजोबांच्या बोलण्यातून कळला. ते सांगत, की इलेक्शनला आमच्या मोहल्ल्यात हिंदू पुढारी येत नसे आणि त्यांच्या वाडीत आमचा जात नसे. कशाला जाईल? मतच नव्हतं तिथे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न सगळ्या बाजूंनी भोगला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा मागितल्या. १९३१ च्या गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले. सप्टेंबर १९३२ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण चालू असताना, त्यांना पुणे करारावर सही करावी लागली. प्रांतिक कायदेमंडळांतल्या दलितांच्या जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण त्या जागांवर कोण बसणार हे सगळ्यांच्या मतांवर ठरणार होतं. अस्पृश्य मतदारांनी आधी चार नावं निवडायची अशी एक पायरी मध्ये ठेवली होती, तीही दहा वर्षांपुरती. जागा आपली आणि निवडणारा हात दुसऱ्याचा, हे दुखणं त्यांना पुढे सतत सलत राहिलं.

आता माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. ४ जानेवारी १९४९ ला घटना समितीत लोकसभेच्या निवडणुकीचं कलम चर्चेला होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली की बहुसदस्य मतदारसंघ ठेवा आणि संचित मतदान ठेवा. म्हणजे अब्बांची दुसरी चिठ्ठी! त्यांनी मुसलमानांसाठी काही मागितलं नव्हतं. धर्म, जात न विचारता कुठल्याही अल्पमताला, राजकीय अल्पमतालासुद्धा, आपल्या संख्येइतकं आत जाता यावं एवढीच ती मागणी होती. आमच्याकडे काझींचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि वऱ्हाडातही वेगळं चित्र नसावं.

बाबासाहेबांनी उत्तर दिलं. पहिलं, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला साक्षर मतदार लागतो. हे खोटं नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के निघाली. दुसरं, सभागृहात इतके गट होतील की सरकार टिकणार नाही. इथे मी थोडा अडखळतो. दोनच महिन्यांपूर्वी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना करताना त्यांनीच सांगितलं होतं, की मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मान दिला आहे. प्रतिनिधित्वाची वेळ आली तेव्हा मात्र तराजू स्थैर्याकडे झुकला. नुकती फाळणी पाहिलेल्या माणसांचा तो निर्णय होता, हे मला समजतं. तरीही ही विसंगती मला दिसते.

तिसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. ते म्हणाले, की अल्पसंख्याकांना ठरलेल्या राखीव जागा देण्याचा निर्णय या सभागृहाने आधीच केलेला आहे. प्रमाणशीर पद्धतीने त्यांना निवडीत आवाज मिळेल, पण ठरलेला वाटा मिळणार नाही. वाटा सोडून नुसता आवाज घ्यायचा का, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. काझींची दुरुस्ती नामंजूर झाली.

तो वाटा तेव्हा खरोखरच कागदावर होता. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात २९२ व्या कलमात मुसलमानांसाठी राखीव जागा लिहिलेल्या होत्या. पण २५ आणि २६ मे १९४९ ला, म्हणजे पाच महिन्यांनी, सरदार पटेलांच्या समितीच्या शिफारशीवरून धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्यात आल्या. यात जबरदस्तीचा भाग किती आणि राजीखुशीचा किती, यावर अभ्यासक भांडतात. बेगम ऐजाज रसूल या समितीतल्या एकट्या मुस्लिम स्त्री सदस्य. अशा जागा हे स्वतःवरच उलटणारं हत्यार आहे, त्याने आपण बहुसंख्याकांपासून कायमचे तुटू, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मौलाना हसरत मोहानीही राखीव जागांच्या बाजूचे नव्हते. हा गझलेचा थोर शायर; १९२१ साली अहमदाबादच्या काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव त्याने मांडला होता. मद्रासच्या महंमद इस्माईल साहेबांनी जुने स्वतंत्र मतदारसंघ टिकवा म्हणून शेवटपर्यंत आग्रह धरला.

बेगमसाहेबांचं म्हणणं मला पटतं. आजोबांच्या यादीत परत जावं असं मला एक क्षणही वाटत नाही. पण जानेवारीत आवाज नाकारला तो वाटा आहे म्हणून, आणि मेमध्ये वाटा गेला तेव्हा आवाजाची गोष्ट पुन्हा काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कुणी कट केला असं मी म्हणत नाही. घरात दोन भावांनी एकमेकांच्या भरवशावर दिवा लावायचा राहावा, तसं ते झालं.

पुढे १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघही बंद झाले. तेव्हापासून एक मतदारसंघ, एक मत, सर्वांत पुढे असेल तो विजयी. या पद्धतीत संख्या किती यापेक्षा ती कुठे आहे याला मोल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के होते. २०२४ साली राज्यातून लोकसभेच्या ४८ जागांवर एकही निवडून आला नाही. विधानसभेत २८८ पैकी १० आले. मालेगाव, भिवंडीसारख्या दाट वस्तीत आकडा जमतो, विखुरलेल्या गावांत जमत नाही. लहान पक्षांचे, विखुरलेल्या जातींचेही हाल असेच आहेत.

यावर लगेच कुणी म्हणेल, मुसलमानाला मुसलमानच प्रतिनिधी कशाला हवा? बरोबर आहे. आमच्या कोकणातून बॅ. अंतुले वारंवार निवडून आले, १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते, आणि ते काही एकट्या मुसलमानांच्या मतांवर नव्हे. कागलमधून हसन मुश्रीफ १९९९ पासून निवडून येत आहेत. मला जे हवं ते काझींनी मागितलं तेच. मी माझी मतं कुणावर ठेवायची ते मला ठरवू द्या. त्या मतांचा मालक मी, माझी यादी नव्हे आणि माझी जमातही नव्हे.

स्थैर्याच्या भीतीबद्दल एवढंच म्हणेन, की १९८९ पासून २०१४ पर्यंत लोकसभेत एकाही पक्षाला बहुमत नव्हतं, तेही याच पद्धतीत. आणि प्रमाणशीर मतदान आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. राष्ट्रपती, राज्यसभा यांच्या निवडणुका पसंतीक्रमाच्या, संक्रमणीय मताच्याच आहेत. फक्त ते मत आमदार-खासदारांच्या हाती आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ठाणे महापालिकेची निवडणूक होती. आम्ही तेव्हा मुंब्र्यात राहत होतो. प्रभाग दोन जणांचा, म्हणून मतं दोन. अब्बा चौऱ्याऐंशीचे होते, मी त्यांना हाताला धरून आत नेलं. यंत्रासमोर जाण्याआधी ते टेबलापाशी थांबले आणि तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला त्यांनी विचारलं, ‘‘दोन्ही मतं एकालाच देता येतात का?’’

‘‘नाही चाचा, दोन जागांना दोन वेगळी बटणं.’’

अब्बांनी मान हलवली, आत गेले, दोन वेगळी बटणं दाबून आले. बाहेर रिक्षात बसताना मला म्हणाले, ‘‘साठ वर्षं झाली. अजून नाहीच म्हणतात.’’