माडाचा हक्क आणि सरकारची आबकारी

जर्मनीत, बव्हेरिया प्रांताच्या पूर्वेला चेक सरहद्दीलगत ओबरफाल्झ नावाचा मुलूख आहे. तिथल्या विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न या पाच गावांत ‘झोइगल’ नावाची बिअर बनते. गावाची मिळून एकच भट्टी असते. हक्क असलेली कुटुंबे पाळीपाळीने तिथे लाकडाच्या जाळावर रस उकळतात, घरी नेतात आणि आपापल्या तळघरात आंबवतात. बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांची चांदणी लटकते. मग त्या घराची बैठक हाच गावाचा गुत्ता. बिअर बनवण्याचा हक्क तिथे माणसाला नसून घराला चिकटलेला आहे.

आपल्या मुंबईत असे काही होते का? होते. फरक इतकाच, की आपल्याकडे भट्टीच्या जागी झाड होते.

गिरगावातल्या वाड्या आज चाळींच्या नावाने ओळखल्या जातात, पण एके काळी त्या खरोखरच नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. दादर-माहीमच्या बाजूला माडांची दाट बने होती. ताडदेवच्या नावातही ताड आहे. या झाडांवर चढणारा समाज म्हणजे भंडारी, मुंबईच्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी एक. माडाची पोय बांधायची, तिचे टोक रोज कोयत्याने तासायचे आणि खाली मडके लावायचे. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढले की तोच रस आपोआप आंबतो. माडाचा असेल तर माडी, ताडाचा असेल तर ताडी. त्याला ना भट्टी लागते ना खमीर. उलट हाच रस इतर पदार्थांचे खमीर होता. मुंबईतले ख्रिस्ती पाववाले पीठ फुगवायला ताडी वापरत.

फिक्ह शिकलेल्या वाचकाला इथे ‘नबीज’ आठवेल. भिजवलेल्या खजुराचे पाणी कुठवर हलाल आणि कुठून हराम, यावर आपल्या फकिहांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. मी स्वतः या वाटेला जात नाही. पण पेयाचा इतिहास म्हणजे केवळ पिणाऱ्यांचा इतिहास नव्हे. झाड कुणाचे, कोयता कुणाचा आणि मडके कुणाचे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

या मडक्यावर कर पोर्तुगीज काळापासूनच होता. इंग्रजांनीही तो सोडला नाही. पण धंद्याचा कणा मोडला तो 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता. परवान्याशिवाय झाड छेदणे गुन्हा ठरला, झाडामागे कर वाढला, घरगुती भट्ट्या बंद झाल्या. विक्रीचे मक्ते मोठ्या भांडवलवाल्यांकडे गेले. उरणच्या कारखान्यांतली मोहाची दारू बाजारात पुढे आली. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधन आले. आदिवासी आणि भंडारी, दोघांच्याही हातातले एका रात्रीत बेकायदा झाले.

सरकारची भाषा मात्र दारू आटोक्यात आणण्याची होती. प्रत्यक्षात आबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता, आणि गुत्ते वाढले की महसूल वाढे. 1880 मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला तो याच काळात. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला पुढे जो गुत्ता मिळाला तो या व्यवस्थेतला. पाळी संपवून तिथे जाणाऱ्याला आपण पितो ते कुणाच्या हातचे, हे कळण्याची सोय उरली नव्हती.

मग दारूबंदी आली. 1 ऑगस्ट 1939 रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात ती लागू केली. आबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या घरमालकांवर 10 टक्के कर बसला. त्यात मुस्लिम मालक बरेच होते. दारू हराम मानणाऱ्यांनाच दारूबंदीची किंमत मोजावी लागते आहे, म्हणून मोठा विरोध झाला. धर्माने आपल्याला बंदीच्या बाजूला उभे केले, कराने विरुद्ध बाजूला. दारूच्या प्रश्नाकडे फक्त नीतीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

1949 च्या कायद्याने बंदी पुन्हा आणि अधिक कडक आली. नीरा चालेल, ताडी नाही. म्हणजे ऊन किती चढले यावर कायदा ठरू लागला. दारू थांबली नाही, ती चाळींच्या आणि झोपड्यांच्या मागे गेली. मधल्या पिढीत माडाची बने घरांखाली गेली आणि झाडावर चढणारे हात इतर नोकऱ्यांत गेले.

मागे आम्ही चार शिक्षक मित्र दादरला नीरा प्यायला थांबलो होतो. आमच्यातला एक भंडारी. आजोबा झाडावर चढायचे एवढे त्याला माहीत होते, पण कोयता कसा धरायचा हे घरात आता कुणालाच येत नाही, असे तो म्हणाला. त्यात खंतीचा सूर नव्हता. झाडावरून पडून मेलेल्यांच्या गोष्टीही त्याच घरात सांगितल्या जात. ते जुने दिवस सोन्याचे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. प्यायलेल्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ती दारू कुणाच्या झाडाची, याने काही फरक पडत नव्हता.

तरीही एक गोष्ट उरते. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती मिथेनॉल मिसळलेली होती, आणि मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. ओबरफाल्झमध्ये दारावर चांदणी लावणाऱ्याला उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचे असते. माडी उतरवणारा भंडारीही आपल्या वाडीतच राहत होता. गरिबाच्या पेयावरची ही ओळखीची, लाजेची राखण सरकारने महसुलासाठी मोडली, आणि तिच्या जागी उभा केला तो परवाना. मालवणीत तो परवानाही नव्हता आणि ओळखही नव्हती.