टीनाने पाहिलेला ठसा आणि भीमबेटकाचं मोहोळ



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कुठेही कंपनीचा पाया खणू द्या, विहीर घेऊ द्या, नाहीतर बोअर मारू द्या. माती आणि मुरूम संपला की खाली काळा दगड लागतो. आपलं जातं आणि पाटा-वरवंटा याच दगडाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारस वाहत आला आणि थंड झाला, तोच हा दगड. उकळत्या रसात किडामुंगीचा ठसा कसा टिकणार? म्हणून पृथ्वीवरचे अगदी पहिले प्राणी शोधायचे, तर गाळाचा आणि वाळूचा, याहून कितीतरी जुना दगड लागतो.

ठसा कसा राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. नुकत्याच सारवलेल्या अंगणातून मांजर गेलं, तर वाळल्यावर पावलं तशीच दिसतात. समुद्राच्या तळाशी असंच घडलं. मऊ अंगाचा जीव गाळावर पडला, वरून वाळू आली, थरावर थर साचले आणि त्याचा दगड झाला. जीव गेला, ठसा राहिला. यालाच जीवाश्म म्हणतात.

आता काळाचा हिशोब पाहू. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. ते सगळं एका दिवसात बसवलं, तर डोळ्यांना दिसतील एवढे मोठे प्राणी येतात रात्री नऊच्या सुमारास. आपला काळा दगड तयार होतो बाराला वीस मिनिटं कमी असताना. माणूस तर शेवटच्या काही सेकंदांतला.

हे रात्री नऊचे प्राणी माणसाला कसे सापडले, त्याच्या दोन गोष्टी आज सांगतो.

पहिली इंग्लंडमधली. १९५६ साली टीना नेगस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला चार्नवुडच्या रानात खडकावर पानासारखा ठसा दिसला. तिने भूगोलाच्या शिक्षकांना सांगितलं. उत्तर मिळालं की इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच. विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी रॉजर मेसन नावाच्या शाळकरी मुलाने तोच ठसा पाहिला. त्याच्या वडिलांची एका भूशास्त्रज्ञाशी ओळख होती, म्हणून त्याचं म्हणणं योग्य माणसापर्यंत पोहोचलं. ठसा खरा निघाला, सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचा. दिसायला पान, पण तो जीव जिथे ऊन पोहोचत नाही अशा खोल समुद्रात वाढायचा. म्हणजे वनस्पती नव्हे. १९५८ साली त्याला मेसनच्या नावावरून 'चार्निया मेसोनी' हे नाव मिळालं. टीनाने तो आधी पाहिला होता, हे जगाला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्याच काळातला आणखी एक जीव म्हणजे डिकिन्सोनिया. भाकरीसारखा चपटा, लांबट गोल आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या. हा प्राणी आहे की आपल्या मसाल्यातल्या दगडफुलासारखं काही, यावर अनेक वर्षं वाद होता. २०१८ साली रशियातल्या सुमारे ५५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या ठशांत शास्त्रज्ञांना कोलेस्टेरॉलच्या खुणा सापडल्या. आपल्या रक्त तपासणीत असतं तेच कोलेस्टेरॉल. ते प्राण्यांच्या शरीरात बनतं. म्हणजे हा प्राणीच.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची, मध्य प्रदेशात भोपाळजवळच्या भीमबेटकाची. तिथल्या गुहांतली हजारो वर्षांची चित्रं १९५७ साली जगापुढे आणली ती मराठी घरातल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. २०२० साली तिथल्याच एका गुहेच्या छताजवळ परदेशी आणि भारतीय भूशास्त्रज्ञांना डिकिन्सोनियासारखा आकार दिसला. भारतात पहिलाच, म्हणून वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. हा ठसा खरा असता, तर तिथल्या खडकाचं वय ५५ कोटींच्या आसपास ठरलं असतं. दुसऱ्या काही अभ्यासकांच्या मते मात्र तो खडक १०० कोटी वर्षांहून जुना होता.

२०२२ साली फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे पाहायला गेले. तो आकार खडकावरून सुटून पडू लागला होता. दगडातला ठसा दोन वर्षांत असा गळून पडत नाही. नीट पाहिलं, तेव्हा कळलं की ते आग्या मोहोळ होतं! माश्या उडून गेल्यावर खडकाला चिकटून राहिलेलं जुनं मेणाचं पोळं. तशीच ताजी पोळी आसपासही होती. २०२३ साली हे छापून आलं. आधीचा दावा करणारे शास्त्रज्ञ ग्रेगरी रेटॅलॅक यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली.

डोंगराच्या कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलंय! हसू येईल, पण हसून सोडून देऊ नका. भीमबेटकात जाणकारांच्या शब्दावर पटकन विश्वास बसला, तरी पुन्हा जाऊन पाहणारे निघाले आणि चूक सुधारली. टीनाच्या बाबतीत मात्र दगड पाहायला कुणी गेलंच नाही. एका मुलीचं खरं म्हणणं 'असं नसतंच' या दोन शब्दांत मिटलं. चूक झाली तर दुरुस्त होते. पाहायलाच नकार दिला, तर खरं असलेलंही हातातून जातं.

आपल्या घरीही विहिरीच्या दगडातली चकाकणारी गारगोटी घेऊन एखादी मुलगी येते. 'टाक ते, हात धू' असं पटकन तोंडात येतं. त्याऐवजी विचारूया: कुठे सापडली? किती खोल? शेजारी आणखी काय होतं? वहीत लिहून ठेवायला सांगूया, जिथून उचलली ती जागा तिच्यासोबत जाऊन पाहूया आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे तिला पाठवूया. दगड साधा निघाला, तरी पोरीला खात्री करायची सवय लागेल. पुढच्या गटाच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या मुलीने दाखवलेली एक वस्तू आणावी, एवढंच आज सुचवतो.