बिरसीची बातमी आणि वृत्तपत्राची मालकी

गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव विमानतळामुळे महाराष्ट्राच्या नकाशावर ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने येथे धावपट्टी बांधली. स्वातंत्र्यानंतर ती बराच काळ जवळजवळ वापराविना राहिली आणि २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत विमानतळाचा विस्तार झाला, प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि या कामांसाठी बिरसी व भोवतालच्या गावांतील जमीन संपादित झाली. ज्यांची घरे व शेते विस्ताराच्या हद्दीत आली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. एकाच गावात विकासाची बातमी आणि विस्थापनाची तक्रार अशा रीतीने शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. त्यांपैकी कोणती किती जागेत व कोणत्या पानावर छापली जाते, हा प्रश्न वरवर संपादकीय निवडीचा वाटला, तरी त्याची मुळे वृत्तपत्राच्या मालकीच्या आणि उत्पन्नाच्या इतिहासात आहेत.

भूसंपादनाच्या कायद्यानेच वृत्तपत्राला या व्यवहारात एक अधिकृत स्थान दिले आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत, आणि त्यांतील किमान एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. २०१३ च्या नव्या कायद्यानेही हीच तरतूद कायम ठेवली. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचनाही २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात छापावी लागते. जमीन घेतली जाणार असल्याची खबर शेतकऱ्याला ज्या पानावरून मिळावी असे कायद्याला अपेक्षित आहे, ते पान वृत्तपत्राने सरकारला वा प्रकल्पचालकाला दर आकारून दिलेले असते. त्याच शेतकऱ्याची हरकत मात्र बातमी म्हणून विनामूल्य छापायची असते. सूचना उत्पन्न देते आणि बातमी खर्च करायला लावते, हे साधे अर्थशास्त्र लक्षात घेतल्याशिवाय ग्रामीण वृत्तव्यवहाराचा इतिहास नीट उलगडत नाही.

हितसंबंधांचा संघर्ष ही संज्ञा येथे नेमक्या अर्थाने घ्यावी लागते. ज्याने वाचकाच्या वतीने एखाद्या व्यवहाराची तपासणी करायची, त्याचाच त्या व्यवहारात आर्थिक, राजकीय वा कौटुंबिक लाभ गुंतलेला असणे, असा तिचा अर्थ आहे. संघर्ष असणे म्हणजे गैरप्रकार घडलाच असे नव्हे. परंतु तो असल्याचे वाचकाला ठाऊक नसेल, तर छापलेल्या मजकुराची पारख करण्याचे साधनच त्याच्या हाती उरत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात होता, कारण मालक, संपादक आणि पुष्कळदा लेखकही एकच असे. टिळकांनी १८९१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे कर्जाच्या बोजासह आपल्याकडे घेतली, तेव्हा पत्राचे मत आणि मालकाचे मत यांत अंतर नव्हते. पत्र पक्षपाती होते, पण तो पक्ष कोणता हे वाचकापासून लपलेले नव्हते.

विदर्भातील पत्रसृष्टी याच परंपरेत वाढली. नागपूरला १९११ मध्ये निघालेले ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे होते, तर गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून टिळकपक्षाचा कैवार घेत असे. १९४४ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेले नागपूरचे ‘तरुण भारत’ नरकेसरी अभ्यंकर या काँग्रेसनेत्याच्या नावाशी निगडित संस्थेचे होते आणि पुढे ते संघविचाराचे मुखपत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. नागपूर–हावडा लोहमार्गावरील गोंदिया हे तांदूळ गिरण्यांचे आणि विडी उद्योगाचे व्यापारी शहर असल्यामुळे नागपूरच्या पत्रांना तेथे मराठी आणि हिंदी असे दोन्ही वाचक लाभले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावरही त्याची बातमी मुख्यतः नागपूरच्या छापखान्यांतूनच घडत राहिली. परिणामी मजकुराचा अंतिम निर्णय घेणारा माणूस जिल्ह्याबाहेरचा आणि जाहिरात देणारा जिल्ह्यातला, अशी रचना रूढ झाली.

स्वातंत्र्यानंतर मालकीचा प्रश्न प्रथम राष्ट्रीय पातळीवर मांडला तो न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने. देशातील दैनिकांचा सुमारे निम्मा खप पंधरा मालकांच्या हाती एकवटल्याचे या आयोगाने १९५४ च्या अहवालात नोंदवले आणि लहान पत्रांना मोठ्या भांडवलाशी टिकाव धरता यावा म्हणून किंमत आणि पृष्ठसंख्या यांचे प्रमाण कायद्याने ठरवण्याची शिफारस केली. त्यातून १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि १९६० चा आदेश निघाला. या आदेशाला आव्हान दिले ते मात्र कुठल्या उद्योगसमूहाच्या साखळीपत्राने नव्हे, तर नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘सकाळ’ने. सात नव्या पैशांत आठवड्याला ३४ पाने देणाऱ्या या पत्राला एक तर पाने २४ वर आणावी लागणार होती किंवा किंमत वाढवावी लागणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा कायदा रद्द ठरवला. पत्राचा खप आणि पाने यांवर निर्बंध घालणे हा थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला आहे, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

या निकालाचे महत्त्व निर्विवाद आहे, पण त्याने प्रश्नाची एकच बाजू सोडवली. १९७२ मध्ये बेनेट कोलमन कंपनीने वृत्तपत्री कागदाच्या धोरणाविरुद्ध केलेल्या खटल्यातही बहुमताने दहा पानांची मर्यादा फेटाळली. परंतु न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी आपल्या भिन्नमतात असा विचार मांडला की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात केवळ छापखान्याच्या मालकाचे नव्हे, तर विविध मते ऐकण्याचे समाजाचे हितही सामावलेले असते. हेच मॅथ्यू पुढे दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ च्या अहवालात मोठ्या पत्रांची मालकी अन्य उद्योगांपासून अलग करावी, अशी शिफारस आयोगाने केली. आयोगातील काही सदस्यांनी तिला विरोध नोंदवला, सरकारने ती अमलात आणली नाही, आणि आणीबाणीतील पूर्वनियंत्रणाचा अनुभव ताजा असलेल्या पत्रकारांनाही मालकीच्या नियमनाच्या नावाखाली सरकारी हस्तक्षेप परत येईल अशी भीती वाटत होती. ती भीती निराधार नव्हती. मात्र तिच्यामुळे स्वातंत्र्याची सारी चर्चा सरकार विरुद्ध पत्र या चौकटीत अडकली आणि मालक विरुद्ध वाचक हा दुसरा संबंध कायद्याच्या नजरेआड राहिला.

याच काळात महाराष्ट्रातील पत्रांची मालकी राजकारणाच्या अधिकाधिक जवळ गेली. यवतमाळला १९१८ मध्ये बापूजी अणे यांनी काढलेल्या साप्ताहिकाचे ‘लोकमत’ हे नाव घेऊन स्वातंत्र्यसैनिक व काँग्रेसनेते जवाहरलाल दर्डा यांनी १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून दैनिक सुरू केले. दर्डा राज्याच्या मंत्रिमंडळात होते, त्यांचे एक पुत्र विजय राज्यसभेचे सदस्य झाले आणि दुसरे पुत्र राजेंद्र राज्यात मंत्री झाले. ‘हितवाद’ची सूत्रे पुढे बनवारीलाल पुरोहित यांच्याकडे आली, जे नागपूरचे खासदार आणि नंतर राज्यपाल होते. परुळेकरांच्या निधनानंतर, १९८५ मध्ये, ‘सकाळ’चे व्यवस्थापन शरद पवार यांचे बंधू प्रतापराव पवार यांच्याकडे गेले. जुन्या पक्षपत्रात आणि या नव्या रचनेत मूलभूत फरक होता: पक्षपत्र आपली बाजू उघड सांगत असे, तर नवे दैनिक सर्व वाचकांसाठी तटस्थ असल्याचा दावा करत असताना त्याच्या मालकाचे सत्तेशी असलेले नाते मजकुरात क्वचितच नोंदले जाई. या पत्रांनी जिल्हा आवृत्त्या काढून गावोगावची बातमी प्रथमच नियमित छापली, हे त्यांचे श्रेय आहे. परंतु ज्या जाळ्यातून बातमी वर गेली, त्याच जाळ्यातून जाहिरातीचे लक्ष्य खाली आले.

हा गुंता सर्वांत स्पष्ट झाला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. उमेदवाराकडून पैसे घेऊन त्याचा प्रचार बातमीच्या रूपात छापण्याच्या प्रकाराला ‘पेड न्यूज’ हे नाव पडले आणि पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले की, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा, बहुतांशी एकच असलेला मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता, ‘लोकमत’मधील ‘अशोकपर्व’ ही पाने त्यातूनच गाजली. चव्हाणांच्या निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी केवळ ५,३७९ रुपये दाखवलेले होते. त्यांनी आणि पत्रांनी पैशाच्या देवघेवीचा आरोप नाकारला. खर्चाच्या हिशेबाची सत्यता तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केला, आणि त्यानंतर आयोगाने काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला. या प्रकरणाने एक बाब अधोरेखित केली: उमेदवाराच्या खर्चाची चौकशी करणारी यंत्रणा होती, परंतु पत्राच्या जमेची चौकशी करणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये या विषयावर तयार केलेला सविस्तर अहवालही प्रारंभी संपूर्ण प्रसिद्ध झाला नाही. तो माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला.

वृत्तवाहिन्यांच्या काळात मालकीचे स्वरूप आणखी बदलले. एप्रिल २००८ मध्ये नेटवर्क १८ आणि लोकमत समूह यांच्या भागीदारीतून ‘आयबीएन लोकमत’ ही मराठी वृत्तवाहिनी सुरू झाली. २०१४ मध्ये नेटवर्क १८ चे नियंत्रण रिलायन्सकडे गेले आणि वाहिनीचे संस्थापक संपादक निखिल वागळे त्याच वर्षी बाहेर पडले. गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक निकटचे उदाहरण एनडीटीव्हीचे आहे. तिरोडा येथील अदानी समूहाचा औष्णिक वीजप्रकल्प ६६० मेगावॉटच्या पाच संचांचा, म्हणजे ३,३०० मेगावॉटचा आहे. त्याची बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी महावितरण घेते, त्यामुळे तिचा दर हा महाराष्ट्रातील प्रत्येक वीजग्राहकाशी संबंधित प्रश्न ठरतो. या प्रकल्पासाठी मिळालेले चंद्रपूरजवळील लोहारा कोळसापट्टे ताडोबाच्या जंगलाच्या सान्निध्यामुळे वापरता आले नाहीत, आणि पर्यायी कोळशाच्या वाढीव खर्चाची भरपाई कोणी करायची हा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच समूहाने डिसेंबर २०२२ अखेर एनडीटीव्हीचे सुमारे ६५ टक्के भागभांडवल मिळवले. हा ताबा ज्या मार्गाने आला तो अभ्यासण्यासारखा आहे: संस्थापकांच्या धारक कंपनीने २००९ मध्ये सुमारे ४०० कोटी रुपयांचे कर्ज घेताना ते समभागांत रूपांतरित करण्याचा हक्क धनकोला दिला होता, ती धनको कंपनीच समूहाने विकत घेतली आणि तेरा वर्षांपूर्वीचा हक्क बजावला. १ मे २०२४ रोजी ‘एनडीटीव्ही मराठी’ सुरू झाली. तेव्हापासून तिरोड्याच्या विजेचा दर, पाणी आणि राख या विषयांची बातमी देऊ शकणाऱ्या मराठी वाहिन्यांपैकी एकीचा मालक आणि बातमीचा विषय एकच झाले. वाहिनी प्रत्यक्षात कशी वागते हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. हितसंबंधांचा संघर्ष मात्र मालकीच्या रचनेतच सिद्ध आहे.

मालकीच्या या शिडीची शेवटची पायरी म्हणजे तालुका वार्ताहर. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ मध्ये झालेल्या कायद्याचे वेतनसंरक्षण प्रामुख्याने पगारी नोकरांना मिळाले. गावपातळीवर बातमी पाठवणारा बहुधा तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातीच्या कमिशनवर अवलंबून राहिला. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दिवाळी व वर्धापनदिनाच्या पुरवण्या, ग्रामपंचायतींच्या व ठेकेदारांच्या जाहिराती गोळा करणे हे त्याच्या कामाचा भाग बनले. बिरसीतील पुनर्वसनाची तक्रार लिहिणारा आणि त्याच प्रकल्पाशी संबंधित पुढाऱ्याकडे जाहिरातीसाठी जाणारा माणूस एकच असेल, तर त्याच्या वैयक्तिक सचोटीची चर्चा अपुरी ठरते, कारण त्याला या कोंडीत उभे करणारा निर्णय मुख्य कार्यालयात झालेला असतो.

या साऱ्यावर कायद्याने दिलेला एकमेव कायमस्वरूपी उपाय प्रकटीकरणाचा होता. १९५६ च्या नियमांनुसार प्रत्येक नियतकालिकाला फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘नमुना ४’ हे निवेदन छापावे लागे व त्यात मालकाचे आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल धारण करणाऱ्यांचे नाव द्यावे लागे. कल्पना उत्तम होती; परंतु भागधारक म्हणून दुसऱ्या कंपनीचे नाव छापले की तिच्यामागचा खरा धनी, त्याचे इतर उद्योग आणि त्याने घेतलेली कर्जे अदृश्य राहत, आणि वर्षातून एकदा बारीक टाइपात आलेले निवेदन त्या दिवशीच्या बातमीशी जोडून वाचणे सामान्य वाचकाला शक्य नव्हते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये राजकीय पक्ष आणि उद्योगसमूह यांच्या माध्यममालकीवर निर्बंध सुचवले, पण त्या शिफारशींचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

सात दशकांच्या या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष असा की, मालकीवर सरसकट बंदी घालण्याचा मार्ग न्यायालयांनी आणि अनुभवाने अवघड ठरवला आहे, तर स्वनियमनावर विसंबण्याचा मार्ग २००९ मध्ये अपुरा ठरला आहे. उरतो तो प्रकटीकरणाला बातमीच्या जवळ आणण्याचा मार्ग: मालकाचा संबंध असलेल्या प्रकल्पाच्या बातमीखालीच तो संबंध नोंदवणे, प्रकल्पचालकाकडून मिळालेल्या जाहिरातींचे उत्पन्न जिल्हानिहाय जाहीर करणे, आणि गावपातळीवरील वार्ताहराचे मानधन जाहिरातीपासून तोडणे. ज्या कायद्याने भूसंपादनाची सूचना शेतकऱ्याच्या भाषेतील दैनिकात छापणे सक्तीचे केले, त्याने त्या दैनिकाला सार्वजनिक विश्वस्ताचे काम सोपवले आहे. आणि विश्वस्ताकडून आपल्या हिताचा खुलासा मागण्याचा हक्क बिरसीच्या वाचकाला तितकाच आहे, जितका तो मुंबईच्या गुंतवणूकदाराला आहे.